वेगळा ठेवलेला कप

हसू नगा गं, माझा कप वेगळा झाला तवाचं सांगती. पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन सांगलीत ठरलं, म्हणून आधी रक्त तपासलं. मी शहाणी, नंबर दिला नवऱ्याचा. रिपोर्ट त्यांच्या मोबाईलवर आला आन त्यांनी वन्संसमोर मोठ्यानं वाचला. गुप्तरोग, पॉझिटिव्ह! वन्सं म्हंजे ह्यांची थोरली बहीण, माझ्या सेवेला आलेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या सांधेवातामुळं असं खोटं येऊ शकतं. दुसरी तपासणी येईपर्यंत काही धरून चालू नका."

घरी येतोय तर वन्संनी माझा कप मोरीजवळच्या फळीवर वेगळा ठेवलेला!

ह्यांना म्हटलं, "आवं, फौजेत तुमी होता, देशभर तुमी हिंडला. मी एकटी साताऱ्याला निघाली तर चुकीच्या एसटीत बसती. आन शंका माझ्यावर?"

"तुझ्याच रक्तात निघालंय न्हवं?"

"मग तुमचंबी तपासा की."

"मला काय झालंय?"

खड्यापेक्षा ते लय दुखलं.

दुसऱ्या तपासणीत कायबी निघालं न्हाई. हे म्हणाले, "सुटलो बाबा!" म्हंजे हेच अडकलेले! वन्सं लगेच गोड झाल्या. "मला ठावंच होतं गं. चहा टाक."

टाकला. फळीवरचा कप काढला आन त्यातच वन्संना दिला.

"ह्यात?"

"घ्या की वन्सं. लय चोख हाय. इतकं दिस माझ्याबिगर कुणी तोंड लावलं न्हाई त्याला."