बुजवलेला लाल ठसा

मी मूळचा साताऱ्याचा. वडील लग्नपत्रिका छापायचे, घरात भाजीलाही शाईचा वास यायचा. पुढं ऑकलंडला आलो आणि अवोन्डेलच्या एका छापखान्यात स्क्रीन प्रिंटिंगला लागलो. काय सांगू तुम्हाला, हात माझा फार चांगला होता, आणि त्याच हातानं मी पाप केलं, ते आधी लिहून घ्या.

तिथं नाओको नावाची जपानी बाई पोस्टरं करायची, नद्या घाण होतात, लोकांना घरं नाहीत, असल्या विषयांची. बोलायची कमी. माझ्या डब्यातली मेथी तिला आवडायची, म्हणून बायको मुद्दाम जास्त द्यायची. तिचं एक पोस्टर होतं, गटाराचा पाइप वळत वळत वाम मासा होतो ते. सगळं काळं, फक्त माशाचा डोळा लाल आणि कोपऱ्यात तिच्या नावाचा लाल ठसा.

आई आजारी पडली म्हणून ती जपानला गेली, आणि मालक मला म्हणाला, तो ठसा घालव, डोळा राहू दे. मी म्हटलं, बाईंना विचारलंत का? तो म्हणाला, तुझ्या व्हिसाच्या कागदावर सही कुणाची आहे? मग मी ब्रश घेतला, लाल रंगाच्या स्क्रीनवर, शाई खाली उतरू नये म्हणून, लेप फासला आणि ठसा बुजवला. पोस्टर त्याच्या नावानं गाजलं, त्याला बक्षिसं मिळाली, आणि मी टाळ्या वाजवल्या, टाळ्यासुद्धा वाजवल्या हो.

पण बुजवायच्या आधी छापलेली एक प्रत मी घरी आणली होती. इतकी वर्षं ती कपाटामागे उभी होती.

आता शनिवारी पापाकुराला त्याच्या कामाचं प्रदर्शन आहे. त्यानंच फोन केला, मेट, जुनं काही असेल तर दे, तू हीप्स, म्हणजे ढीगभर, जपून ठेवलं असशील. दिलं की. प्रदर्शन लावणाऱ्या बाईंना सगळं सांगून ती प्रत दिली. त्या म्हणाल्या, हे मधोमध लागेल, वर कापड घालू, आणि कापड तुमचे मालकच काढतील. नात म्हणते, आजोबा, दॅट्स सो मीन. म्हटलं, स्वीट ॲज, इथं झकासला असंच म्हणतात.

नाओकोलाही पत्र लिहिलं. तिनं उत्तरात एकच विचारलं, ठसा कुणी बुजवला? मी लिहिलं, मी. त्यानंतर तिचं काही आलं नाही, येऊही नये.

मालकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणे. देव त्याला शनिवारपर्यंत लख्ख नजर देवो. आणि मला उभं राहायचं बळ, कारण ठसा बुजवला कुणी असं तिथं कुणी विचारलं, तर हात मलाच वर करायचाय.