वैशाखात उतरणारं पाणी

मोनिका : आत्या, धक्क्यावरच्या या फलकावर दहाच ओळी बसतात. डोंगर, तलाव, थंडीत येणारी बदकं. जुनं गाव धरणाखाली गेलं, वर माळावर नवं वसलं, यंदा नगरपरिषद झाली. अजून काय राहिलं?

छबूबाई : लिवलंस ते बराबर हाय. पर गाव एकदम न्हाई गेलं. दर वैशाखात पानी उतरायचं. घरांची जोती उघडी पडायची, मारुतीचा पार दिसायचा. मी चिखलातनं चालत जायची.

मोनिका : कशाला?

छबूबाई : माझी पोर हाय तितं.

मोनिका : कुठली पोर? तुला तर दादा एकटाच...

छबूबाई : त्याच्या आधीची. धरनाची भित्त बांधत व्हते तवाची. एवढंसं लेकरू, जाळत न्हाईत. तुझ्या मामांनी, माझ्या मालकांनी, वढ्याच्या कडंला, आपल्या बांधाला पुरली. वर दगुड ठिवला. फुडल्या साली पानी चढलं.

मोनिका : घरात कुणी बोललं नाही कधी.

छबूबाई : कोन बोलनार? मामा काठापतुर यायचे, खाली न्हाई उतरायचे. मी दोन फुलं ठिवून माघारी यायची. आता कंपन्यांना बारा म्हैने पानी लागतंय, वर तुमची बोटिंग. पानी उतरतच न्हाई. मामा गेले त्या साली बी न्हाई उतरलं.

मोनिका : ज्योतीरामभाऊ! होडी काढता का जरा?

ज्योतीराम : मॅडम, उद्घाटन रविवारी आहे. आधीच कुणाला बसवलं तर सायेब हाकलून देतेत मला. परभणीहून लेकरंबाळं घेऊन आलोय इथं.

मोनिका : साहेबांना मी सांगते. आत्याचं लेकरू आहे हो खाली. जुन्या गावात पुरलेलं.

ज्योतीराम : ...आजीला जाकीट घाला आधी. पट्टा घट्ट ओढा.

(होडी काठापासून बरीच आत आली आहे.)

ज्योतीराम : आजी, कुणीकडं घिऊ?

छबूबाई : डोंगराची सोंड आन् माळावरच्या देवळाचा कळस एका वळीत धरायचा. कळसच दिसंना की गं, मोने.

मोनिका : त्या नव्या बिल्डिंगांच्या मागं गेला, आत्या.

छबूबाई : मग हितंच आसंल. न्हाई... जरा फुडं. आजून जरा. हां, ऱ्हाऊ दे.

ज्योतीराम : इंजिन बंद केलं, आजी. बसा निवांत.

मोनिका : ही घे फुलं. हाक मार तिला.

छबूबाई : काय म्हनून मारू? बारशाच्या आधीच गेली ती.

मोनिका : मनात काही ठेवलं होतंस नाव?

छबूबाई : व्हय. मामांना बी सांगितलं न्हाई कदी.

मोनिका : मग आता घे ना.

छबूबाई : घेते. तुमी दोघं जरा तिकडं तोंड करा.