टेकायची भिंत

हैदराबादेत आबिड्समधल्या रंगाच्या दुकानात माझा डबा नव्या मशीनवर घुसळला जात होता. माझ्या पुढे एक नवरा-बायको मालकाशी बोलत होते.

"आता मशीनमधून पाहिजे तो रंग निघतो, साहेब. हॉलला प्लास्टिक पेंट घ्या, डिस्टेंपर नक्को. हा पुसता येतो."

"रंग कुठलाही चालेल. पण खालचा डाग वर यायला नको."

"कसला डाग? ओल आहे का?"

"नाही, डोक्याच्या तेलाचा. माझ्या वडिलांना भिंतीला टेकून पेपर वाचायची सवय."

"हौ, तेल डिस्टेंपरमधून वर येतंच. आधी ऑइल प्रायमर मारा. आणि रंग सुकेपर्यंत बाबांना टेकू देऊ नका."

"ते गेले. दोन वर्षं झाली."

"अरेरे. मग जुनं तेल मुरलं असेल भिंतीत."

"ते विद्यानगरच्या जुन्या घरी वारले. हा हिमायतनगरचा फ्लॅट आम्ही नंतर घेतला. नवा कोरा."

मशीन थांबलं.

"मिस्त्रीचा हात लागला असेल, साहेब."

"माक्याच्या तेलाचा वास येतो त्याला."

"त्रिवेणी, तू गप्प बस. मालक, हॉलच्या चारही भिंतींना पुरेल एवढा द्या."

"भाऊ, तीनच भिंतींपुरता द्या."

"त्रिवेणी!"

"अहो, मामंजींना हॉलमध्येच बसू द्या. गेल्या महिन्यात तुम्ही डाग झाकलात, तर तो तन्वीच्या उशाशी उमटला. हॉलमध्ये परत आला, तेव्हा कुठे पोरगी झोपली."