गवंड्याचं घर मातीचं

आमी मूळचे बार्शीटाकळीकडचे. बाप गवंडी, म्या बी गवंडी. बापानं मातीच्या भिती घातल्या, मी अकोल्यात आलो अन सिमेंट शिकलो. सारी उमर दुसऱ्याईचे घरं बांधण्यात गेली, भाऊ. काय सांगू तुमाले, एका कॉलनीत सारे घरं असे का पुड्यातले बिस्किटं, तेच दार, तीच खिडकी, एकदा तं जेवून वापस आलो अन शेजारच्याच घराले गिलावा करून राहिलो, ठेकेदार पोट धरून हासे. अन अकोल्याचा उन्हाळा तुमाले मालूमच हाय, स्लॅब रातभर आग ओकते, कूलर लावा नाई तं काई करा. म्हून मी ठरोलं, आपलं घर बांधीन तं बापासारखं, मातीचं.

पन बायको! शांता नाव तिचं. भाड्याच्या खोलीत तिनं जल्मभर एकच सपन पाह्यलं, स्लॅबचं घर. तिले सांगतलं तं भडकलीच, म्हने साऱ्या अकोल्याले पक्के घरं देल्ले अन मले माती? माझी बहीन मोर्शीवरून येईन तं तिले काय दाखवू, उंदराचं बिळ? राहा तुमी तुमच्या मातीत, म्या पाय ठेवत नाई. अन धरला अबोला.

मी बी अडेल. गावाजवळ बापाचा जमिनीचा तुकडा होता, तिथं लागलो कामाले. खाली काळी जमीन, पावसात फुगते, उन्हात फाटते, म्हून खोल खंदून दगडाचा पाया घेतला. भिती जाड, पांढऱ्या मातीत कुटार, म्हंजे भुसा, टाकून पायानं तुडवून घातलेल्या. पश्चिमेले खिडकी ठेवली नाई, तिकडे निंब होता, त्याले तोडलं नाई. वर छपराले कवेलू. घर थंडगार झालं बाप्पा, पन शांता नाई तं त्या गारव्याचं काय करू, सांगा? गोड लागे ना मले. म्हटलं, तिले पक्कं दिसलं पाह्यजे, अन बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला, मस्त ओळंब्यात, एकदम सरळ. मातीले सिमेंट धरत नाई, हे बाप सांगून गेलता, पन हाताले सवय ना.

श्रावणाच्या झडीत भिंत आतून ओली झाली. घर पक्कं झालं असा सांगावा धाडला होता, तवा पोळ्याले शांता पहिल्यांदा घर पाहाले आली, अन तिच्यासमोरच गिलावा धाडकन खाली! माझं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, गेली आता ही कायमची. तिनं उघड्या भितीले हात लावला, मंग माझ्याकडे पाह्यलं, अन हासतच सुटली. म्हने, अवो, मातीले सिमेंटचा कोट घालून मले बनवून राहिले काय? लिपनं बायाईचं काम असते, माझ्या मायनं लिपलेली भिंत कधी सोलली नाई, चला, शेन आना. अन खोसला पदर. खरं सांगतो, तवा मले रडू आलं.

तवापासून इथंच हाय ती. दिवाळीच्या आंधी सारं घर लिपते, मले हात लावू देत नाई, म्हने तुमचा हात सिमेंटचा हाय. मोर्शीची साळी उन्हाळ्यात येते, भर दुपारी चटई टाकून घोरते, वापस जाचं नाव घेत नाई. आता लोकं बी घर पाहाले येते, तुमी आले तसेच. इचारते, हे कोनं बांधलं? तं माझं तोंड उघडाच्या आंधी शांता म्हनते, म्या. मी बाजूले बसून मान हालवतो, खोटं थोडीच हाय? बसा, चहा ठेवला तिनं. देव तुमाले बी असं घर देवो भाऊ, अन त्यात असंच भांडनारं मानूस देवो.