दोघींचं मिळून एक मत

शालू : आत्या, तुझाच फोन वाजतोय. उचल तरी.

विजयमाला : वाजू दे. थांबेल आपोआप.

शालू : श्रीदादा आहे. काल दुपारपासून त्याचाच येतोय.

विजयमाला : माहीत आहे मला.

सर्जेराव : पोटच्या पोराचा फोन हाय आन् उचलत न्हाईस, ही कुठली तऱ्हा? तिकडं इंग्लंडात एवढी उलथापालथ झालीय. आईशी बोलू वाटत आसंल त्याला.

विजयमाला : दादा, तू तो टीव्ही बंद कर बरं आधी. तेच ते, तेच ते.

सर्जेराव : जे झालं तेच दावणार ना ती. युरोपातनं बाहेर पडायचं का ऱ्हायचं, म्हणून मतं घेतली. बाहेर पडायचं ठरलं. आता काल ज्यांनी मतं दिली तीच मानसं आज इचारायला लागली, बाहेर पडायचं म्हंजी नेमकं काय करायचं. आपल्या ग्रामसभेत बी एवढा घोळ न्हाय व्हत.

शालू : आमच्याकडे काल कसलं वातावरण होतं माहितीय? हिंजवडीला अख्खा फ्लोअर गप्प. क्लायंट लंडनचा. व्हिडिओ कॉल लावला तर समोर सात जण बसलेले आणि कुणी बोलेच ना. एकाने गुड मॉर्निंग म्हटलं आणि कॅमेरा बंद करून उठून गेला. प्रोजेक्ट होल्डवर. किती दिवस, तर सांगता येत नाही.

सर्जेराव : नोकरीला काय व्हईल का गं?

शालू : लगेच नाही होणार, अण्णा. पण खाली टपरीवर सगळे तेच बोलत होते. आमच्या टीममध्ये एक सदाशिव पेठेतला आहे, तो चहा पिता पिता म्हणाला, इंग्रजांना स्वातंत्र्य मिळालं म्हणे, कुणापासून ते कळलं की कळवतीलच.

सर्जेराव : हे बरंय. माला, ऐकलंस का?

विजयमाला : ऐकलं.

सर्जेराव : आन् बस की एका जागी. सकाळधरनं ती एकच चादर किती येळा घडी करशील? ठेव ती.

शालू : आत्या, खरं सांगू? श्रीदादाने मला मेसेज केलाय. मोनिकावहिनी काल पाळणाघरातल्या कामावरून मधेच घरी आली. तेव्हापासून कुणाशी नीट बोलत नाहीये. तुझ्याशी बोलायचंय म्हणते.

विजयमाला : माझ्याशी?

शालू : तुझ्याशीच.

सर्जेराव : कुणी शिव्याबिव्या दिल्या का काय पोरीला? ती पोलंडची म्हणून? टीव्हीत दावत व्हते, मानसं रस्त्यात तोंडावर बोलायला लागलीत म्हणं.

शालू : शिवी दिली असती तर परवडलं असतं, असं दादा म्हणतो. तुमच्या शेजारी त्या आजी आहेत ना आत्या, वहिनी ज्यांची औषधं आणून देते…

विजयमाला : डोरीन.

शालू : हां, त्या. सकाळी वहिनी कामाला निघाली तर त्या कुंपणापाशी उभ्या. छान हसून विचारलं, मग मोनिका, आता कधी निघणार तुम्ही घरी? आणि वर म्हणाल्या, तुझी फार आठवण येईल हो आम्हाला. वहिनी कामावर गेली, पण तिला तिथे बसवेना.

विजयमाला : डोरीन वाईट नाही गं. तिचे गुडघे गेलेत, मुलगा फिरकत नाही. माझ्या हातची खीर मागून खाते.

शालू : वाईट नाही म्हणूनच लागलं असेल ना. तू बोल तिच्याशी. बाकी कुणी नाही तरी घरात तू तिच्या बाजूने मत दिलंयस, तेवढाच आधार तिला.

विजयमाला : शालू, चहा टाकतेस का?

शालू : टाकते. पण आधी फोन लाव.

विजयमाला : मी तिच्या बाजूने मत दिलेलं नाही.

शालू : म्हणजे? तू पोस्टाने पाठवून आली होतीस ना? पोचलं नाही का?

विजयमाला : पोचलं असणार. मी बाहेर पडायच्या बाजूने दिलं.

सर्जेराव : काय म्हणतीस काय?

विजयमाला : ऐकलंस ते बरोबर ऐकलंस, दादा.

शालू : आत्या, तुझी स्वतःची सून पोलंडची आहे.

विजयमाला : आहे ना. मी नाही कुठे म्हणतेय?

शालू : मग का?

विजयमाला : तुमच्यासाठी. तुझ्या भावासाठी, संपतसाठी. दोन वेळा त्याचा व्हिसा नाकारला. डिप्लोमा फर्स्ट क्लास, इंग्रजीची परीक्षा पास, आणि कुठल्या तरी खिडकीतला माणूस म्हणतो, हा परत जाईल याची खात्री वाटत नाही. आणि तिकडे आमच्या पीटरबरोला युरोपातून बस भरभरून माणसं उतरत होती. ना मुलाखत, ना परीक्षा. पासपोर्ट दाखवला की आत. मी कशी गेले होते तिथे, दादा, तुला माहीत आहे. वॉर्डात चौदा वर्षं नोकरी झालेली सिस्टर मी, तिथे गेल्यावर मला नाडी बघता येते का, याची परीक्षा घेतली त्यांनी. श्रीनिवासला दोन वर्षं तुझ्याकडे ठेवावं लागलं होतं.

सर्जेराव : ते सगळं खरं.

विजयमाला : आमच्या तिकडच्या हॉलमध्ये सभा झाली होती. आपलीच माणसं बोलत होती. म्हणाले, युरोपचं दार लागलं की आपलं उघडेल. सगळ्यांना एकच रांग होईल. मला ते पटलं. अजूनही त्यात मला फार चूक दिसत नाही. रांग असेल तर ती सगळ्यांना असावी.

शालू : मोनिकावहिनीसुद्धा तशीच आली ना? पासपोर्ट दाखवून?

विजयमाला : मोनिकाची गोष्ट वेगळी.

शालू : वेगळी कशी?

विजयमाला : ती आपल्या घरातली.

शालू : प्रत्येकाच्या घरातली एक वेगळीच असते, आत्या. त्या डोरीनबाईंनाही विचार. त्यासुद्धा म्हणतील, मोनिकाचं सोडा हो, ती वेगळी.

सर्जेराव : शाले, जरा दमानं. माला, पर एक सांग. संपतला इचारलं व्हतंस का तू?

विजयमाला : काय विचारायचं?

सर्जेराव : त्याला जायाचंय का म्हणून. त्यानं फुरसुंगीच्या रस्त्याला जेसीबीच्या पार्टाचं दुकान टाकलंय. दोन वरसं झाली. हाताखाली चार पोरं हायत. त्याला आता तू इमान दारात आणून हुबं केलंस तरी तो बसायचा न्हाय.

विजयमाला : मला कुणी सांगितलं नाही.

सर्जेराव : मीच सांगितलं व्हतं फोनवर. तू म्हणालीस, तात्पुरतं ठीक हाय.

विजयमाला : मला वाटलं, मन रमवायला काढलंय काहीतरी.

शालू : श्रीदादाला माहितीय?

विजयमाला : नाही. त्यांना वाटतं, आम्ही सगळे एकाच बाजूचे. आणि मोनिका… निघायच्या दोन-तीन दिवस आधी आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. मतपत्रिका टेबलावर होती. ती म्हणाली, आई, मी इथे नऊ वर्षं राहते, टॅक्स भरते, पण मला मत नाही. तुम्हाला आहे. तेव्हा आपल्या दोघींचं मिळून एक द्या.

शालू : मग तू काय म्हणालीस?

विजयमाला : चहा घेणार का, विचारलं.

शालू : आत्या.

विजयमाला : ती लेकीला, हानियाला, झोपवायला वर गेली. मी खाली बसून खूण केली, पाकीट बंद केलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. काही विशेष वाटलं नाही तेव्हा. सगळे म्हणत होते, काही बदलणार नाहीये, राहायचंच ठरणार. मला वाटलं, आपला राग तेवढा नोंदवला जाईल, बस.

सर्जेराव : हे बघ, एका मतानं काय व्हतंय? धा-बारा लाखाचा फरक हाय म्हणं. तुझं मत हिकडं पडलं असतं काय आन् तिकडं पडलं असतं काय, निकाल त्योच.

विजयमाला : कालपासून मी मनाला हेच सांगतेय, दादा. पण मोनिकाचं तेवढं एकच होतं ना.

सर्जेराव : मग आता सांगू नगंस. काय गरज हाय? तू, मी आन् शालू. भाईर जायाची न्हाय ही गोष्ट. फोन लाव, चार शब्द गोड बोल. जखम भरंल.

शालू : अण्णा, ती तिच्याच गळ्यात पडून रडणार. आत्याने काय करायचं तेव्हा? पाठीवरून हात फिरवायचा?

सर्जेराव : संसार असाच टिकतो, पोरी. सगळं सांगून कुणाचं भलं झालंय?

विजयमाला : आणा तो फोन इकडे.

शालू : सांगणार आहेस?

विजयमाला : काय होतं बघू. तुम्ही इथेच थांबा, आत येऊ नका.

(विजयमाला फोन घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार ओढून घेते. टीव्ही बंद आहे.)

सर्जेराव : काय ऐकू येतंय का?

शालू : नाही. इंग्रजीत बोलतेय, हळू.

सर्जेराव : आपलं हडपसर पुण्यात घातलं तवा आमाला कुणी इचारलं न्हाई. न्हायतर आमी बी नगंच म्हणालो असतो. गावकी ग्येली, मळं ग्येलं. समोरच्या टावरात कोण ऱ्हातंय मला म्हाईत न्हाय. कवाकवा वाटतं, आपल्याच गावात आपुन पाव्हणं.

शालू : आणि खालच्या खोल्या कुणाला दिल्यात तुम्ही? बिहारची पोरं आहेत ना? त्यांचं भाडं बरं चालतं.

सर्जेराव : ती पोरं चांगली हायत.

शालू : म्हणजे वेगळी.

सर्जेराव : तू लई बोलायला शिकलीस हिंजवडीला जाऊन. …आपल्याला इचारलं न्हाय ते एका अर्थी बरंच झालं म्हण. रागात मानूस काय बी करतो. मी तर नक्की केलं असतं.

शालू : आवाज थांबला.

सर्जेराव : रडती का?

शालू : कोण?

सर्जेराव : कुणी बी.

शालू : नाही वाटत. आली. आत्या, बस. पाणी देऊ?

विजयमाला : नको.

सर्जेराव : सांगितलंस?

विजयमाला : सांगितलं.

शालू : मग?

विजयमाला : आधी तीच बोलत होती. डोरीनचं सांगितलं, पाळणाघरातल्या मुलांच्या आया कशा नजर चुकवत होत्या ते सांगितलं. म्हणाली, आई, बसमध्ये मला मोजायची सवय लागली एका दिवसात, यातल्या किती जणांना मी नको असेन. निम्म्याहून जास्त, म्हणाली. मग मी म्हटलं, मोनिका, त्यात मला धर.

सर्जेराव : अगं देवा.

विजयमाला : तिला वाटलं, मी समजुतीचं काहीतरी बोलतेय. मला पुन्हा नीट सांगावं लागलं. मागे हानियाचं कार्टून लागलं होतं, ते ऐकू येत होतं. तिने ते बंद केलं आणि विचारलं, का. मी म्हटलं, माझ्या भावाच्या मुलासाठी, संपतसाठी. तर म्हणाली, संपत कोण?

शालू : तिला नाव माहीत नाही?

विजयमाला : माहीत असणार. आठवलं नाही तेवढ्यात. मग म्हणाली, हां, जिन्यातल्या फोटोतला. आणि फोन श्रीनिवासकडे दिला.

सर्जेराव : त्यो चिडला आसंल.

विजयमाला : नाही. अगदी शांत होता. म्हणाला, आई, तू घाई करू नकोस यायची. तिकडे निवांत राहा, मामाकडे. तुझंच घर आहे ते.

सर्जेराव : मग चांगलंच बोलला की लेकरू.

विजयमाला : हो. डोरीनही चांगलंच बोलली होती.

शालू : आत्या…

विजयमाला : मी रागावलेली नाही गं त्याच्यावर. त्याने काय बोलावं दुसरं? बायको जिन्यात बसलीये, म्हणाला. खोलीत जात नाही, बाहेर जात नाही, जिन्यात बसलीये.

सर्जेराव : तू ऱ्हा हितं. श्रावण कर, गणपती कर. तवर निवतंय सगळं. मानूस समोर नसलं की राग लवकर उतरतो.

शालू : अण्णांचं बरोबर असेल कदाचित. तिकीट पुढच्या महिन्याचं आहे ना? लॅपटॉप आणू? बदलून टाकू आत्ताच.

विजयमाला : आण. बदलूच या. मोनिकाला गुरुवारी सुट्टी असते.

शालू : गणपतीनंतरचा गुरुवार बघते मग.

विजयमाला : इतका पुढचा नको. या गुरुवारचं मिळतंय का बघ.

सर्जेराव : या गुरुवारी? अगं, त्यो सोताच्या तोंडानं नगं म्हणाला तुला. दारात गेलीस आन् त्यांनी दार न्हाई उघडलं तर काय करशील?

विजयमाला : किल्ली आहे माझ्याकडे, दादा. पण मी बेल वाजवीन.