कृष्णविवर आणि कपाटातला कागद

सन्माननीय अध्यक्ष श्री. मारोतराव, व्यासपीठावरील मुख्याध्यापक व गुरुजन, आजचे सत्कारमूर्ती श्री. जगदेव सर, माता-भगिनींनो आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या मुलांनो,

मी कस्तुरचंद, दुकानात कापड फाडणारा माणूस. शाळा समितीचा चिटणीस म्हणून आज बोलायला उभा आहे. सहा वर्षं विज्ञान शिकवून सर उद्या धनजच्या शाळेत चालले. का चालले? मुख्याध्यापक आत्ताच म्हणाले, घरगुती अडचण. ते सभ्य गृहस्थ आहेत. खरं कारण मला ठाऊक आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आमची राजमती नववीत होती. एके दिवशी शाळेतून येऊन म्हणाली, "बापूजी, आभाळात कृष्णविवर राह्यते. मोठा तारा सोताच्याच वजनानं आत खचते, अन् मंग जवळ येईन ते गिळते. उजेडबी सुटत नाही. सर म्हणे, आत गेलेलं संपूनच जाते."

आता आम्ही जैन माणसं. पुद्गल, म्हणजे जड पदार्थ, रूप बदलतो पण नाश पावत नाही, हे शिरपूरच्या मंदिरात लहानपणापासून ऐकलेलं. मी समितीची बैठक बोलावली आणि धर्म पुढे केला. पण आतली गोष्ट वेगळी होती. त्याच्या चारच महिने आधी राजमतीची आई, अंगुरीबाई, गेली होती. संपून जाते, हा शब्द मला घरात नको होता.

बैठकीत सर शांतपणे म्हणाले, "शेटजी, माही चूक झाली. संपते असं म्या सांगाले नाही पायजे होतं. आत गेल्यावर त्याचं काय होते, हे आजवर कोनालेच समजलं नाही. येवढं समजते का त्याचं वजन जात नाही. विवर दिसत नाही, पन जवळचा तारा त्याच्या ओढीनं फिरत राह्यते." हे ऐकून मला बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हीच चूक नववीच्या वर्गात उभं राहून कबूल केली. असा मास्तर मी तोवर पाहिला नव्हता.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बोट मिळालं की हात धरायची आमची खोड. मी म्हटलं, आता फळ्यावर लिहा, पदार्थ कधीच नाश पावत नाही. सर म्हणाले, "तेबी मले माहीत नाही, शेटजी. माहीत नसलेलं एकडाव शिकवलं, आता पुन्हा कायले शिकवू?"

मला राग आला. सरांना नोकरीत कायम करायचा कागद तेव्हा माझ्या सहीसाठी आला होता. तो मी दुकानातल्या कपाटात टाकला. सर विचारायला आले की म्हणायचो, अजून वरून आला नाही. दोन वर्षं हेच खोटं बोललो. शेवटी त्यांनी धनजची नोकरी धरली.

मागच्या आठवड्यात कपाट आवरताना राजमतीला तो कागद सापडला. ती भांडली नाही. ताट वाढून एवढंच म्हणाली, "बापूजी, चूक कबूल कराले सरले तं एकच दिवस लागला होता."

दर भाद्रपदात क्षमावणीला, म्हणजे वर्षभराच्या चुकांची माफी मागायच्या दिवशी, मी घरोघर जाऊन हात जोडतो. इथे बसलेल्या बहुतेकांच्या दारी आलो आहे. दोन वर्षं सरांची गल्ली मात्र टाळली, कारण तिथे खरोखर क्षमा मागावी लागली असती. याची मला लाज वाटते.

कालच त्या कागदावर सही केली. तो अध्यक्षांच्या हाती देत आहे. राहायचं की जायचं, हे सरांनी ठरवावं.

भाषणात चूकभूल झाली तर सभेने पोटात घालावी, अशी रीत आहे. आज सभेकडे माझं मागणं नाही. सर, क्षमा तुमची हवी आहे, आणि ती आजच द्या असा हट्टही नाही. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. पत्रिकेत लिहिलंय की सरांना हार चिटणीस घालतील. तो मारोतरावांनी घालावा. सर बोलावतील तेव्हा मी त्यांच्या दारी येईन.