विसाव्या मिनिटाचा स्वार

नवशिक्यांची हाडं घोडे मोडत नाहीत, शर्यतीत नुसता वेग मोजणारे मोडतात, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. आदल्या वर्षी एक पोरगा बांधावरून उडी मारताना पडून खांदा मोडून बसला होता. म्हणून म्हसवडच्या माळावर ओढे-बांध ओलांडायच्या नवशिक्यांच्या घोडशर्यतीत मी पंच झालो आणि नियमच केला: वीस मिनिटांच्या आत पोचेल तो बाद, बरोबर विसाव्याला पोचेल तो पहिला.

साताऱ्याचा दिलीप घोडीला संथ चालवत, शीळ घालत बरोबर विसाव्या मिनिटाला आला. घड्याळ बघून मला भरूनच आलं. "याला म्हणतात जबाबदार स्वार!" म्हणत मी कप त्याच्या हातात दिला.

तेवढ्यात मेंढरं हाकत एक धनगर म्हातारी आली.

"ह्यो व्हय? ह्यो माझ्या मेंढरांतनं वाऱ्यागत गेला, अन् मग वड्याच्या पल्याड बाभळीखाली बिडी वडत बसला हुता."

दिलीप कप बघायला लागला.

"पण आजी, वीस मिनिटं बरोबर झालीत," मी घड्याळ पुढं केलं.

"घड्याळ काय दावतूस रं लेकरा? घोडीचा घाम बघ की!"